कान सुटतो, तळ चिरतो, नक्षीचे पोपडे निघतात: हाताने घडवलेल्या भांड्यांतील तड्यांचे समस्या निवारण

चहाच्या कपाला लावलेला कान संध्याकाळी घट्ट बसलेला दिसतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या सांध्याखाली नखाला जाणवेल इतकी चीर पडलेली असते. ती ओल्या बोटाने पुसली की दिवसभर दिसत नाही; पहिल्या भाजणीतून कप बाहेर आला की मात्र तीच चीर अधिक रुंद होऊन समोर येते. चाकावर केलेल्या वाडग्याच्या तळाला नागमोडी भेग पडणे, भांड्याच्या पोटावर चिकटवलेले मातीचे पान कोपऱ्यातून उचलले जाणे आणि तांबड्या मातीवर दिलेला पांढरा लेप काठापाशी पोपड्याने सुटणे या तक्रारीही पुन्हा पुन्हा येतात. तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्यामुळे उपायही वेगवेगळे केले जातात. कोणी माती बदलतो, कोणी स्लिपमध्ये (पाण्यात कालवलेल्या मातीच्या लगद्यात) व्हिनेगर घालतो, कोणी भट्टी चालवणाऱ्याला बोल लावतो. यांपैकी बहुतेक तड्यांचे मूळ मात्र एकच असते. जोडण्याच्या किंवा लेप देण्याच्या क्षणी दोन भागांतील ओलावा सारखा नव्हता, किंवा त्यानंतर दोन्ही भाग सारख्या गतीने वाळले नाहीत. तडा दिसतो तो दिवस आणि तो पडायला कारण झालेला दिवस हे सहसा वेगळे असतात, म्हणून तडा बुजवण्याचा उपाय टिकत नाही.

यात पुण्याच्या हवेची भर पडते. व्हिडिओमध्ये किंवा परदेशी पुस्तकात दिलेले 'भांडे एक रात्र झाकून ठेवावे आणि सकाळी कान लावावा' हे वेळापत्रक एप्रिलमध्ये इथे उशिराचे ठरते आणि ऑगस्टमध्ये घाईचे. या लेखात म्हणून तासांचा हिशेब जवळजवळ दिलेला नाही. मातीची अवस्था कशी ओळखावी यावर भर आहे.

आधी तडा नीट पाहावा

कोणताही उपाय करण्यापूर्वी तडा कोणत्या टप्प्यावर पडला हे ठरवणे आवश्यक आहे. तडा जिथून सुरू होतो तिथे तो बहुधा सर्वांत रुंद असतो आणि पुढे निमुळता होत जातो. काठापाशी रुंद व खाली बारीक होणारी चीर काठ आधी वाळला हे सांगते, तर तळाच्या मध्यापासून बाहेर निमुळती होणारी भेग मध्यभागाबद्दल सांगते. ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा होणारा थर, लावून भाजलेल्या भांड्यात ओळख आणखी सोपी होते. तड्याच्या कडांवर ग्लेझ वितळून गोलसर झाले असेल, तर ग्लेझ वितळण्याच्या आधीपासून तडा तिथे होता, म्हणजे दोष घडवण्याचा, वाळवण्याचा किंवा पहिल्या भाजणीचा आहे. ग्लेझची कड काच फुटल्यासारखी धारदार असेल, तर भांडे थंड होताना तडकले आहे आणि तिथे भट्टी लवकर उघडली गेली का, हा प्रश्न रास्त आहे.

भट्टीत जाण्यापूर्वी न दिसणाऱ्या चिरा पाहण्यासाठी कारखान्यांतून पूर्वापार वापरली जाणारी युक्ती घरीही करता येते. पूर्ण वाळलेल्या भांड्याच्या सांध्यावर ब्रशने रॉकेलचा किंवा स्पिरिटचा हलका हात फिरवला, तर सपाट पृष्ठभाग लगेच कोरडा पडतो आणि चिरेत ओल टिकून काळसर रेष दिसते. हे उघड्या हवेत, आगीपासून दूर करावे आणि द्रव पूर्ण उडून गेल्याशिवाय भांडे भट्टीत ठेवू नये. पहिल्या भाजणीनंतर तर माठ विकत घेताना आपण सगळेच करतो ती परीक्षा पुरेशी आहे: बोटाच्या पेराने टिचकी मारावी. आवाज खणखणीत आला तर भांडे एकसंध आहे, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे.

कानाचा सांधा

ओली माती वाळताना आकसते, हे सर्वांना ठाऊक असते. किती आकसते हे मात्र फार थोडे लोक मोजतात. स्टुडिओत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक मातींचे आकुंचन ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत साधारण ५ ते ८ टक्के असते आणि स्टोनवेअरच्या (उच्च तापमानाला भाजून घट्ट होणाऱ्या भांड्यांच्या) तापमानाला भाजल्यावर ते एकूण १० ते १३ टक्क्यांपर्यंत जाते. आपल्या मातीचा आकडा काढणे सोपे आहे. ओल्या मातीच्या पट्टीवर १० सेंटीमीटरची रेघ सुईने ओढावी आणि पट्टी पूर्ण वाळल्यावर तीच रेघ पुन्हा मोजावी, ९.४ सेंटीमीटर भरली तर आकुंचन ६ टक्के.

आता कपाचा हिशेब करू. कानाच्या दोन टोकांतील अंतर ७ सेंटीमीटर आहे. कप सकाळपासून फळीवर उघडा आहे, त्यामुळे त्याचे बरेचसे आकसणे होऊन गेले आहे आणि आता २ टक्केच शिल्लक आहे. कान मात्र नुकताच ओल्या मातीतून ओढून घडवला आहे, त्याचे ६ टक्के पूर्ण शिल्लक आहेत. वाळल्यावर कपावरील दोन सांध्यांतील अंतर ६८.६ मिलीमीटर राहू पाहते, तर कानाला ते ६५.८ मिलीमीटर हवे असते. जवळजवळ ३ मिलीमीटरची ही ओढाताण कच्च्या, ठिसूळ मातीला सहन करावी लागते आणि ती सर्वांत अशक्त जागी, म्हणजे सांध्यात, फाटते. स्लिप कितीही चांगली असली, खाचा कितीही खोल मारल्या असल्या तरी हे ३ मिलीमीटर कुठेही जात नाहीत. म्हणून सांध्याच्या चर्चेत स्लिपच्या पाककृतींना जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे त्यांना नाही, असे मला वाटते.

कान लावण्याची योग्य वेळ ओळखण्यासाठी कप आणि कान दोन्ही एकाच कसोटीला लावावेत. बोटाने हलके दाबले असता ठसा उमटू नये, पण जरा जोर दिला तर आकार न तडकता वाकावा. याच अवस्थेला स्टुडिओत लेदर-हार्ड म्हणतात, आणि तिच्यातही मऊ व कडक असे दोन टप्पे असतात. कान लावण्यासाठी मऊ टप्पा बरा. कान ओढल्यावर त्याला हवा तो बाक देऊन फळीवर थोडा वेळ ठेवावा, म्हणजे तो बाक धरतो आणि त्याचा पाणीपणा जातो. कप कानापेक्षा जास्त वाळून गेला असेल, तर सांध्याच्या जागी पाणी थापून भागत नाही, कारण त्याने फक्त वरचा थर ओला होतो आणि आतला कडकच राहतो. अशा वेळी कपावर पाण्याचा हलका फवारा मारून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून रात्रभर ठेवावा, म्हणजे ओलावा भिंतीत सारखा पसरतो. माती फिकट पडू लागली असेल, तर मात्र तो कप कानाविना वाटी म्हणून स्वीकारलेला बरा.

जोडणीची कृती अशी. दोन्ही पृष्ठभागांवर दातेरी पात्याने उभ्या-आडव्या खाचा पाडाव्यात. जुना टूथब्रशही चालतो आणि पाण्यात बुडवून घासला तर तो खाच आणि स्लिप ही दोन्ही कामे एकदम करतो. स्लिप त्याच मातीची, त्याच लगद्यातली असावी. ती पातळ असू नये, कारण पातळ स्लिपमध्ये पाणी सर्वांत जास्त असते, म्हणून वाळताना तीच सर्वांत जास्त आकसते आणि सांध्यात पोकळी सोडते. बोट बुडवून वर काढल्यावर ती थेंब न गळता बोटावर टिकून राहिली पाहिजे. कान ठेवून सरळ दाबण्याऐवजी किंचित हालवत दाबावा, म्हणजे अडकलेली हवा व जादा स्लिप कडेने बाहेर येते. त्या वेळी कपाच्या आतून दुसऱ्या हाताचे बोट आधाराला असलेच पाहिजे, नाहीतर भिंत आत जाते आणि ती परत बाहेर ढकलताना सांधा हलतो. मग काडीपेटीच्या काडीएवढी मऊ मातीची वळी कानाच्या बुडाभोवतीच्या कोनात ठेवून लाकडी हत्याराने दाबून बसवावी. ही वळी दिसायला क्षुल्लक, पण चीर सुरू होते ती नेमकी त्या अरुंद कोनातून. कोन भरून गोलसर झाला की ताण एका रेषेवर साचत नाही.

सोडियम सिलिकेट आणि सोडा ॲश घातलेले पाणी, ज्याला मॅजिक वॉटर म्हणतात, ते स्लिपऐवजी वापरता येते. सुमारे पावणेचार लिटर पाण्यात द्रव सोडियम सिलिकेटचे ३ मोठे चमचे व सोडा ॲशचे दीड छोटे चमचे हे त्याचे प्रचलित प्रमाण आहे. ते कमी पाण्यात माती सैल करते, म्हणून सांध्यातले आकुंचन थोडे कमी होते. ते अल्कधर्मी असल्यामुळे हातमोजे घालावेत. त्याहून जास्त अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

आणि मग वाळवणे, जिथे खरे काम बिघडते. कान बारीक असतो आणि त्याला सर्व बाजूंनी हवा लागते, म्हणून तो कपापेक्षा नेहमीच आधी वाळतो. जोडणी झाल्यावर संपूर्ण कप एक-दोन दिवस पिशवीत बंद ठेवावा. या काळात तो वाळत नाही, पण कान, सांधा व भिंत यांतील ओलावा एकसारखा होतो. नंतर पिशवीचे तोंड हळूहळू उघडत न्यावे आणि कानाभोवती पातळ प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून ठेवावी, किंवा कानावर वॅक्स रेझिस्टचा, म्हणजे पातळ मेणाचा, हात द्यावा. हे मेण पहिल्या भाजणीत जळून जाते. काठ सपाट असेल तर कप पालथा वाळवावा. वरचा सांधा काठाजवळ असतो आणि काठ आधी वाळतो, म्हणून तक्रार बहुतेक वेळा वरच्याच सांध्याची असते.

सांध्याचे काम किती जुने आहे हे पाहायचे असेल, तर पुणेकरांना फार लांब जावे लागत नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे मिळालेली ताम्रपाषाण काळातील जोर्वे पद्धतीची भांडी इ.स.पूर्व सुमारे १४०० ते ७०० या काळातील आहेत आणि त्यांत चाकावर घडवलेल्या कंगोरेदार अंगाला नंतर तोटी जोडलेली भांडी आहेत. तांबूस अंगावर काळ्या रंगाने काढलेल्या भौमितिक रेषा ही त्यांची सजावट. रंगाचा तो थर इतका पातळ असतो की त्याचे स्वतंत्र आकुंचन भांड्याशी भांडण्याइतके मोठे होतच नाही. लेपाचे पोपडे का निघतात, हे समजून घेताना हा मुद्दा पुन्हा उपयोगी पडेल.

तळाची नागमोडी भेग

चाकावरच्या भांड्याची भिंत वर खेचताना बोटांमध्ये दाबली जाते, पण तळाची माती तशी दाबली जात नाही. त्यातच घडवताना वापरलेले पाणी तळाशी साचते आणि काठाच्या मानाने तळ उशिरा वाळतो. सैल आणि ओल्या अशा मध्यभागाला भोवतालचे आधी आकसून कडक झालेले कडे हलू देत नाही, मग तो मधोमध फाटतो. उपाय तिन्ही कारणांवर करावा लागतो. तळ उघडल्यावर लगेच बोटाने किंवा पात्याने मध्यापासून बाहेर आणि परत आत असे घट्ट दाबून घ्यावे, साचलेले पाणी काडीला बांधलेल्या स्पंजने टिपावे, आणि भांडे फळीवरून उचलता आले नाही तरी त्याखालून तार लगेच फिरवून ठेवावी, म्हणजे तळ फळीला चिकटून अडकणार नाही. भांडे काठावर उभे राहण्याइतके घट्ट झाले की पालथे करावे.

केशवनगर-मुंढव्याच्या किंवा कसबा पेठेच्या कुंभारवाड्यात जे माठ दिसतात, त्यांच्या बुडाला अशी भेग सहसा नसते. माठ घडवण्याच्या पारंपरिक पद्धतीत चाकावरून जाड भांडे उतरवून ते थोडे घट्ट झाल्यावर आतून गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकून त्याचे पोट व बूड फुगवले जाते. त्यात बुडाची माती भिंतीहूनही जास्त दाबली जाते. स्टुडिओतल्या मोठ्या वाडग्याचा तळही तासण्यापूर्वी लाकडी पट्टीने हलकाच थोपटून घ्यायला हरकत नाही.

चिकटवलेली नक्षी, लेप आणि कोरीव काम

साच्यातून काढलेली पाने-फुले, गोळ्या, वळ्या यांना कानाचेच सर्व नियम लागू पडतात. फक्त त्या अधिक पातळ असल्याने अधिक लवकर वाळतात. मोठा सपाट तुकडा चिकटवताना तो मध्यापासून कडेकडे दाबत न्यावा. कडा भांड्याच्या पृष्ठभागात मिटवून टाकल्या तर सुटण्याची शक्यता कमी होते. पण नक्षीची कड उठून दिसायला हवी असेल, तर निदान खालच्या बाजूने ती पक्की दाबलेली असावी. मधे अडकलेली हवा भट्टीत स्फोट घडवते, हा समज फार पसरलेला आहे. भांडे फुटते ते मातीत राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन. हवेच्या पोकळीमुळे चिकटण्याची जागा कमी होते आणि जाड भाग आत ओला राहतो, एवढाच तिचा दोष. टाचणीने भोके पाडत बसण्यापेक्षा भांडे पूर्ण वाळू द्यावे.

पांढऱ्या किंवा रंगीत स्लिपच्या लेपाचे बिघाड मात्र दोन वेगळ्या जातींचे असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून इथे घाई करू नये. लेपावर जाळीसारख्या बारीक भेगा पडल्या, तर लेप अंगापेक्षा जास्त आकसतो आहे. तो फार जाड आहे, फार पाणीदार आहे, त्यात बॉल क्ले (फार चिकट, जास्त आकसणारी माती) जास्त आहे, किंवा तो उशिरा, म्हणजे भांड्याचे आकसणे संपत आल्यावर, दिला गेला आहे. याउलट लेप काठावर, कानाच्या कडेवर, घडीच्या धारेवर पोपड्याने निघत असेल, तर लेप अंगापेक्षा कमी आकसतो आहे. आत भांडे लहान झाले आणि लेपाला जागा पुरेनाशी झाल्यामुळे तो वर उचलला गेला, किंवा धुळीमुळे व कोरड्या पृष्ठभागामुळे त्याला धरच मिळाली नाही. पहिल्या प्रकारात बॉल क्ले कमी करून चायना क्ले (कमी आकसणारी पांढरी माती) किंवा क्वार्ट्झची, म्हणजे गारगोटीची, पूड वाढवावी आणि लेप पातळ थरांत द्यावा. दुसऱ्या प्रकारात बॉल क्ले वाढवावी. कमी तापमानाला भाजल्या जाणाऱ्या तांबड्या मातीवर ५ ते १० टक्के फ्रिट (वितळवून दळलेली काच) घातल्यास लेप भाजताना अधिक घट्ट धरतो. कोणत्याही नव्या लेपाची परीक्षा सपाट फरशीवर न घेता कडा आणि बाक असलेल्या तुकड्यावर घ्यावी, कारण पोपडे सपाटीवर क्वचितच निघतात.

लेप देण्याची वेळ पुन्हा तीच, मऊ लेदर-हार्ड. पातळ भिंतीच्या वाटीला आतून व बाहेरून एकदम लेप दिला तर ती पाणी पिऊन बसते किंवा फाटते. आतला लेप देऊन भांडे पुन्हा घट्ट होऊ द्यावे आणि मग बाहेरचा द्यावा. पूर्ण वाळलेल्या किंवा पहिल्या भाजणीतून निघालेल्या भांड्यावर ओल्या भांड्यासाठी केलेली स्लिप लावू नये. भांडे आता आकसणार नाही, लेप आकसणारच. त्यासाठी चायना क्लेचा काही हिस्सा आधी भाजून घेतलेला असतो, अशी वेगळी स्लिप लागते.

लेप खरवडून खालच्या मातीचा रंग उघडा करण्याच्या कामात, म्हणजे स्ग्राफिटोमध्ये, रेषेच्या कडेने टवके उडत असतील तर भांडे जास्त वाळले आहे, आणि रेषेतून चिखलाची लड निघून हत्याराला चिकटत असेल तर अजून ओले आहे. कडेला राहणारा कचरा लगेच ब्रशने झाडायचा मोह आवरावा. ओला असताना तो पांढऱ्या लेपावर तांबडे डाग पसरवतो. भांडे वाळल्यावर तो हलक्या ओलसर स्पंजने निघतो. कोरड्या मातीवर सँडपेपर फिरवू नये, कारण मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षे श्वासातून जात राहिली तर फुप्फुसांना कायमची इजा होते. खोल कोरीव काम करायचे असेल तर भिंत मुळातच जाड घडवावी, कोरण्याची खोली भिंतीच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे नेऊ नये आणि खाचेचा तळ टोकदार न ठेवता गोलसर ठेवावा.

पुण्याच्या ऋतूंशी जुळवून घेणे

मार्च ते मे या काळात पुण्यात दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता अनेकदा २० ते ३० टक्क्यांपर्यंत उतरते आणि पारा ३८ अंशांच्या पुढे जातो. अशा हवेत गॅलरीत ठेवलेल्या कपाचा काठ, तळ अजून मऊ असतानाच, पांढरा पडू लागतो. या महिन्यांत घडवण्याचे काम सकाळी करावे, काठावर ओलसर कापडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी भांडे उतरवल्याबरोबर टाकावी आणि छताचा पंखा चालू असलेल्या खोलीत भांडे उघडे ठेवूच नये. पंख्याचा झोत एका बाजूने येतो, म्हणून भांडे एका बाजूने वाळते आणि वाकडेही होते. पंखा बंद करणे शक्य नसेल तर भांडी दर थोड्या वेळाने फिरवावीत.

जून ते सप्टेंबर हा काळ उलट अडचणीचा. आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर राहते, भांडे दिवसेंदिवस ओले राहते आणि कंटाळून ते हीटरसमोर किंवा ओव्हनमध्ये ठेवले जाते. मंद वाळण्याने कोणतेही भांडे तडकत नाही. तडकते ते या उतावळेपणाने. पावसाळ्यात पिशव्या काढून भांडी जाळीच्या फळीवर ठेवावीत, म्हणजे खालूनही हवा लागते, आणि तळाखाली वर्तमानपत्राचे दोन-तीन थर घालून ते रोज बदलावेत.

वर्षभर उपयोगी पडणारी एक सोय म्हणजे ओलाव्याचा डबा. झाकणाच्या मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्यात तळाशी २-३ सेंटीमीटर जाडीचा प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा थर ओतून तो घट्ट झाल्यावर पाण्याने भिजवावा. या डब्यात कप, कान, पाने, जे जे जोडायचे आहे ते सर्व एकत्र रात्रभर ठेवले की सगळ्यांचा ओलावा एका पातळीवर येतो. मला हा डबा कोणत्याही महागड्या हत्याराहून जास्त मोलाचा वाटतो. फक्त प्लॅस्टरचा कण मातीत जाऊ देऊ नये. त्याचे कारण पुढे येईल.

माती आणि भट्टी यांचा वाटा

दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत पाणी पिऊन फुगणारी खनिजे मोठ्या प्रमाणात असतात. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या रुंद भेगा त्यामुळेच पडतात. अशी माती एकटी वापरली तर कोणतीही जोडणी टिकणे कठीण. स्थानिक कुंभार तिच्यात घोड्याची लीद, राख किंवा बारीक रेती मळतात ती याचसाठी: माती उघडी होते, पाण्याला बाहेर यायला वाट मिळते आणि आकुंचन घटते. स्टुडिओत हेच काम भाजलेल्या मातीचा चुरा, म्हणजे ग्रॉग, करतो. मोठ्या भांड्यांसाठी तो १० ते २० टक्के घालतात. सांध्याची तक्रार फारच चिवट असेल, तर मातीत कागदाचा लगदा मिसळून पेपर क्ले करून पाहावी. कागदाचे तंतू वाळताना सांधा धरून ठेवतात आणि भाजताना जळून जातात.

या काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडेही असतात. भाजणीत त्यांचा कळीचा चुना होतो, भांडे बाहेर आल्यावर तो हवेतील ओलावा शोषून फुगतो आणि काही दिवसांनी पृष्ठभागाचा टवका उडतो. टवक्याखाली पांढरा ठिपका दिसला तर सजावटीला किंवा ग्लेझला दोष देऊ नये. माती पातळ करून ६० ते ८० मेशच्या (इंचाला ६० ते ८० छिद्रे असलेल्या) चाळणीतून गाळून घेणे हाच उपाय. प्लॅस्टरचा कणही अशीच खोडी करतो.

भट्टीबद्दल थोडक्यात. भांडे गालाला लावल्यावर गार लागत असेल तर त्यात अजून पाणी आहे. शंका असल्यास भट्टी ८०-९० अंश सेल्सिअसवर काही तास धरावी आणि झाकण किंचित उघडे ठेवावे, म्हणजे पाणी उकळण्यापूर्वी निघून जाते. मातीच्या कणांशी रासायनिक बंधाने जोडलेले पाणी साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान जाते आणि ५७३ अंशांना क्वार्ट्झ एकदम प्रसरण पावते, थंड होताना त्याच अंशाला आकसते. म्हणून ६०० अंशांपर्यंत चढण ताशी ६० ते १०० अंशांची ठेवावी आणि उतरणीलाही त्या भागात घाई करू नये. भट्टी १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय उघडू नये.

तडा पडलेल्या भांड्याचे काय करावे

लेदर-हार्ड अवस्थेत चीर दिसली तर ती पुसून न टाकता उघडावी: सुईने शेवटपर्यंत कोरून तिच्यात त्याच मातीची, तितकीच घट्ट वळी दाबून भरावी आणि भांडे पुन्हा पिशवीत बंद करावे. पूर्ण वाळलेल्या भांड्यातील चीर पाण्याने किंवा स्लिपने भरणे व्यर्थ आहे, कारण भरलेला भाग पुन्हा आकसतो. पेपर क्लेने भरलेली चीर शोभेच्या वस्तूत कधीकधी टिकते, रोजच्या कपात टिकण्याची आशा धरू नये. पहिल्या भाजणीनंतर दिसलेला तडा ग्लेझखाली लपवून कप कोणाला देऊ नये. कानाच्या सांध्यात तडा असलेला गरम चहाचा कप हातात तुटू शकतो.

कच्ची माती वाया जात नाही. मोडलेले भांडे बादलीत टाकण्यापूर्वी ते पूर्ण वाळू द्यावे, कारण पूर्ण कोरडी माती पाण्यात पडताच विरघळून बसते, तर अर्धवट ओल्या मातीचे गोळे आठवडाभर तसेच राहतात. तांबड्या आणि पांढऱ्या मातीच्या बादल्या वेगळ्या असाव्यात, आणि त्यातून परत मिळालेल्या मातीची १० सेंटीमीटरची पट्टी नव्याने मोजून घ्यावी, कारण लेपाचे आणि स्लिपचे उरलेले अंश मिसळल्याने तिचे आकुंचन पूर्वीइतकेच राहिले असेल याची खात्री नसते.